एका वाणाचे शेजारी

७ जानेवारी

प्रिय आत्या,

हे पत्र वाचायला घेण्याआधी खाली बस. हातात चहा असेल तर तो आधी संपव.

मला तुझ्या इमारतीतल्या लोकांची शी हवी आहे.

हसलीस ना? फोन करणार होते, पण फोनवर तू 'हो', 'बरं' आणि 'तलावावर आहे' यापलीकडे काही बोलत नाहीस. आणि हे प्रकरण तीन शब्दांत मावणारं नाही.

आपल्या मोठ्या आतड्यात जिवाणूंची केवढी तरी वस्ती असते. त्यातल्या एकाच जातीच्या मागे मी गेली दोन वर्षं लागले आहे. जात एक, पण माणसागणिक तिचे वाण वेगळे. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखेच दिसतात, एका गणवेशातली पोरं जशी. वेगळेपण कळतं ते त्यांच्या आतल्या प्रथिनांवरून. मी जिवाणू वाढवते, फोडते, प्रथिनं बाहेर काढते आणि जेलीच्या एका पातळ पाटीवर वरच्या कडेला सोडते. वीज लावली की प्रथिनं खाली पळायला लागतात. तुझ्या पोहण्याच्या शर्यतींसारखंच, फक्त इथे लहान पोरं पुढे सटकतात आणि मोठी मागे रेंगाळतात. वीज थांबवून निळा रंग दिला की जो जिथवर पोचला तिथे एक रेघ उमटते. कुणाच्या रेघा कुठे, जाड की बारीक, यावरून मी वाण ओळखते.

माझा प्रश्न साधा आहे. एका घरात राहणाऱ्या, एका टेबलावर जेवणाऱ्या माणसांच्या पोटात एकच वाण असतो का? आतापर्यंत पाहिलेल्या घरांत तसंच दिसतंय. नवरा-बायकोच्या रेघा एकमेकांवर ठेवल्या तर कळणार नाही कुणाची कुठली. मी खुशीत माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले. मॅडम म्हणाल्या, "हे घरामुळे कशावरून? कदाचित त्या अख्ख्या गल्लीचा वाण एकच असेल."

म्हणून मला अशी माणसं हवीत, जी एका इमारतीत राहतात, एकाच टाकीचं पाणी पितात, एकच जिना चढतात, पण ज्यांची चूल वेगळी आहे. तुझी इमारत नुसत्या एकेका खोलीच्या घरांची, सगळी एकेकटी माणसं. मला यापेक्षा चांगली जागा शोधून सापडली नसती.

सोबतच्या बर्फाच्या डब्यात नंबर घातलेल्या नळ्या आहेत. हे जिवाणू हवा लागली की मरतात, म्हणून नळी लगेच पिशवीत बंद करायची. कुणाचा नंबर कुठला हे फक्त तुलाच माहीत असावं, मला कळता कामा नये.

करशील?

तुझी,
खारूताई


१२ जानेवारी

प्रिय खारूताई,

तुझं पत्र तलावाच्या उथळ बाजूच्या पायऱ्यांवर बसून वाचलं आणि इतकी हसले की रांगेतल्या पोरांनी पोहणं थांबवलं. त्यांच्या आयांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, भाचीचं पत्र आलंय, फार शिकली आहे ती.

काम झालं. डबा या पत्राबरोबरच निघतो आहे.

मी संध्याकाळी सगळ्यांना पहिल्या मजल्यावरच्या जिन्यात गोळा केलं आणि तलावावरच्या आवाजात सांगितलं, विज्ञानाला तुमची गरज आहे. आधी सगळ्यांना वाटलं रक्तदान आहे. खरं काय ते कळल्यावर एकमेकांकडे बघेनात. मग दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई पुढे आल्या, म्हणाल्या, "त्यात काय, आण इकडे," आणि नळी घेऊन गेल्यासुद्धा. त्यांच्यानंतर निवृत्त मास्तर आले. त्यांनी विचारलं, निकाल लागला की गुण कळतील का. बस चालवणाऱ्या बाई म्हणाल्या की त्यांची वेळ गाडीच्या वेळापत्रकावर असते, त्यांना एक दिवस जास्त द्यावा. दिला. मीही दिलं. माझा नंबर सांगणार नाही, तुझाच नियम आहे.

तळमजल्यावरचे चष्मेवालेही आले. त्यांची तुझी ओळख असायचं काही कारण नाही. खाली दुकान आहे त्यांचं, मागे राहतात, एवढंच. भिंगं घासतात. गप्प माणूस आहे.

सगळ्या पिशव्या मी स्वतः बंद केल्या, आणि दोनदा तपासल्या. तलावात उतरणाऱ्या प्रत्येक पोराची टोपी तपासणारी बाई आहे मी, माझ्याकडून घोळ होत नाही.

जेवतेस ना वेळेवर? लोकांच्या पोटांचं बघताना स्वतःचं विसरू नकोस.

तुझी,
आत्या


२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझी इमारत म्हणजे सोनं आहे.

सगळ्या नळ्यांतून जिवाणू जिवंत निघाले. एकही वाया गेला नाही, इतक्या नीट बंद केल्या होत्यास. मॅडम म्हणाल्या, "या आत्यांना इथे नोकरी द्या." पाटीला निळा रंग दिला आणि रेघा उमटायला लागल्या, तेव्हा मी खुर्चीवर गुडघे टेकून बघत होते. प्रत्येकाच्या रेघा वेगळ्या. एकाची जाड रेघ जिथे, तिथे दुसऱ्याकडे काहीच नाही. म्हणजे पाणी एक, जिना एक, तरी वाण वेगवेगळे. मला हवं होतं तेच.

फक्त एक गोष्ट, आत्या. चार नंबर आणि नऊ नंबर.

त्या दोघांच्या रेघा तंतोतंत सारख्या आहेत. मला वाटलं मीच दोन्हीकडे एकच प्रथिन घातलं. पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. शेजारच्या टेबलावरच्या मित्राला नंबर न सांगता दाखवलं, तर तो म्हणाला, "हे कुठलं जोडपं?"

तू रागावू नकोस, पण विचारायलाच हवं. एकाच माणसाने चुकून दोन नळ्या भरल्या असं झालं नसेल ना? मास्तरांना जास्त गुण हवे होते म्हणून?

तुझी,
खारूताई


६ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

घोळ झालेला नाही. मास्तरांनी एकच भरली, मी दाराबाहेर उभी होते.

मी तुझ्या प्रश्नावर विचार केला. मला वाटतं पाण्याची टाकी. आमची टाकी फार जुनी आहे, झाकण नीट बसत नाही. टाकीतूनच आलं असेल.

किंवा जिन्याचा कठडा. सगळे त्यालाच हात लावून वर येतात, आणि कोण हात धुतं आजकाल.

किंवा दुकानात जाणं-येणं होतं ना लोकांचं, सामान आणायला वगैरे, तिथे नाणी-नोटा हातात येतात. त्यातूनही होत असेल. दोन माणसांचं सारखं निघालं तर एवढं काय त्यात? योगायोग म्हणतात त्याला. माझ्या वर्गात दोन पोरींचा पोहण्याचा पोशाख हुबेहूब एक होता, त्यांची काही ओळखदेखील नव्हती.

तू त्या दोघांना सोडून दे आणि बाकीच्यांचं लिही. एवढे नंबर आहेत तुझ्याकडे.

तलावाचं पाणी बदलायचं आहे, घाईत आहे.

तुझी,
आत्या


१० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

टाकी म्हणावी तर तिचं पाणी सगळे पितात. कठडाही सगळेच धरतात. नोटा तर साऱ्या शहराच्या हातातून फिरतात. मग फक्त चार आणि नऊच कसे सारखे?

आणि त्या दोघांना सोडून देता येत नाही. आवडलेले ठेवायचे आणि न आवडलेले फेकायचे असं केलं तर ते विज्ञान राहणार नाही, ती माझी कविता होईल. दोनच शक्यता आहेत. एक, नळ्यांची सरमिसळ झाली, आणि मग तुझ्या इमारतीच्या कुठल्याच नळीवर विश्वास ठेवता येणार नाही. दुसरी, वेगळ्या चुलींच्या माणसांतही वाण असाच पसरतो, आणि मग माझी मूळ कल्पनाच चुकीची आहे. पुढच्या महिन्यात समितीसमोर उभं राहायचं आहे. पुढची दोन वर्षं हे काम माझ्याकडे राहणार की नाही, ते त्या दिवशी ठरेल. मला झोपेत निळ्या रेघा दिसतात.

ती दोघं नात्यातली आहेत का? भाऊ-बहीण? पूर्वी एका घरात राहायची? नावं नको सांगूस, फक्त हो किंवा नाही म्हण.

आणि त्या दोघांकडून नवे नमुने मिळतील? दोन नळ्या पाठवते आहे.

तुझी,
खारूताई


१४ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

नात्यातली नाहीत.

नळ्या पाठवल्या आहेत.

इकडे सगळं ठीक. नर्सबाईंनी तुझी आठवण काढली.

आत्या


३ मार्च

प्रिय आत्या,

तुझं एवढंसं पत्र बघून मला वाटलं तुला बरं नाही. बरी आहेस ना?

नव्या नळ्यांचा निकाल आला. नवा नऊ जुन्या नऊसारखाच आहे. नवा चार मात्र जुन्या चारशी जुळत नाही, आणि इमारतीतल्या दुसऱ्या कुणाशीच जुळत नाही. माणसाच्या पोटातला वाण असा महिन्याभरात सहसा बदलत नाही. मॅडमनी बराच वेळ पाटी उजेडासमोर धरली आणि मग खाली ठेवली. म्हणाल्या, "नळ्यांची सरमिसळ झालेली आहे. इमारतीचे सगळे नमुने बाद कर." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी रडले नाही. म्हणजे थंड खोलीत जाऊन थोडी रडले, तिथे डोळ्यांत पाणी आलं तरी थंडीमुळे आलं असं म्हणता येतं.

यात तुझा दोष नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे. तुझ्यावर मी फार भार टाकला. कामाला जाणारी बाई तू, त्यात हे जिने चढणं-उतरणं, पिशव्या, बर्फ. माझं काम होतं ते मी तुझ्या गळ्यात घातलं. समितीसमोर आता फक्त घरांचे नमुने मांडेन. ते विचारतील, शेजाऱ्यांचं काय, आणि मी सांगेन, अजून पाहिलं नाही. अर्धं काम घेऊन उभी राहीन, पण उभी राहीन.

लहानपणी तू मला खोल पाण्यात सोडून काठावर हात बांधून उभी राहायचीस आणि म्हणायचीस, घाबरलीस तरी चालेल, थांबू नकोस. तसंच करणार आहे.

सगळ्यांना माझे आभार सांग. मास्तरांना म्हणावं, पूर्ण गुण.

तुझी,
खारूताई


६ मार्च

प्रिय खारूताई,

आता तू खाली बस. चहा घेतलास तरी चालेल, पण घोट तोंडात असताना वाचू नकोस.

सरमिसळ झालेली नाही. पहिल्या वेळी एकही नळी चुकली नव्हती. चार नंबर मी आहे. नऊ नंबर म्हणजे चष्मेवाले.

दुसऱ्या वेळी तू पाठवलेली चारची नळी मी भरली नाही. तलावाच्या तिकीट-खिडकीवरच्या बाईंना दिली. त्या माझ्या जुन्या मैत्रीण, काही न विचारता भरून दिली त्यांनी. मला वाटलं, रेघा वेगळ्या आल्या की तू म्हणशील पहिल्या वेळी काहीतरी चुकलं होतं, आणि विषय संपेल. तुझं सगळंच काम फेकून द्यावं लागेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी पोरांना पाण्यात खोटेपणा करू देत नाही, तळाला पाय टेकवून पोहल्याचं नाटक केलं तर परत पाठवते. आणि मी काय केलं बघ.

आता सगळं सांगते.

काही वर्षांपूर्वी मला पाण्यातली पोरांची डोकी धुरकट दिसायला लागली. कोण माझं आणि कोण दुसऱ्या वर्गातलं, कळेना. खालच्या दुकानात गेले आणि म्हटलं, पोहण्याच्या चष्म्यात नंबरची काच बसवून द्या. ते म्हणाले, असं कधी केलं नाही, पण बघतो. पहिल्यांदा पाणी आत शिरलं. दुसऱ्यांदा काच वाकडी बसली, मला प्रत्येक पोराला दोन डोकी दिसायची. तिसऱ्यांदा इतका छान झाला की मला तलावाच्या तळावरच्या फरशीच्या भेगा दिसल्या. पैसे द्यायला गेले तर म्हणाले, शिकायला मिळालं मला, राहू द्या. मी कुणाचं फुकट घेत नाही, म्हणून म्हटलं वर या, सूप केलंय. ते आले. पाव घेऊन आले.

तेव्हापासून रोज येतात. दुकानाचं दार ओढलं की मागच्या, एरवी कुणी वापरत नाही त्या जिन्याने वर. एका भांड्यातलं सूप, एकच पाव दोघांत. सुट्टीच्या दिवशी सकाळीही. भांडी ते घासतात. भिंगं घासणाऱ्या माणसाच्या हातचा पेला कसा चकचकतो ते तू बघायलाच हवं. ताप आला मला त्या वर्षी, तेव्हा तुम्हाला कुणालाच कळवलं नव्हतं, आठवतंय? एकटीने निभावलं म्हणून मिरवलं होतं मी. एकटीने नव्हतं निभावलं.

सांगितलं का नाही म्हणशील. तुझ्या बाबामुळे. दादाने माझ्यासाठी किती स्थळं आणली आणि मी कशी परतवली हे तू ऐकलेलं आहेस. मी घरभर सांगत फिरायचे की मला कुणाची गरज नाही, माणूस पाण्यात एकटाच पोहतो. ते वाक्य मला इतकं आवडायचं की प्रत्येक लग्नात ऐकवायचे. आता या वयात जाऊन म्हणू, दादा, मला एक माणूस आवडतो? तो हसला असता. आयुष्यभर हसला असता. म्हणून मागचा जिना.

काल तुझं पत्र आलं. ते चष्मेवाल्यांसमोर ठेवलं. ते जवळचं वाचताना चष्मा कपाळावर घेतात. सगळं वाचलं, मग परत वाचलं.

"म्हणजे चार तुम्ही, आणि नऊ मी?"

"हो."

"आणि आपल्या रेघा सारख्या?"

"तंतोतंत म्हणते ती."

त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "कोच, मी रोज जिना चढताना विचार करायचो, आज दार उघडेल ना. तुमच्या मनात हे कितपत आहे, मला कधी नीट कळलं नाही. आता हे असं प्रयोगशाळेतून आलं."

मी म्हटलं, "एवढी वर्षं विचारलं का नाहीत?"

"तुम्ही पहिल्याच दिवशी दुकानात सांगितलं होतंत, मला कुणी घाई केलेली चालत नाही. मी घाई केली नाही."

मी पोरीसारखी बघत बसले.

मग त्यांनी चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, "त्या मुलीची मेहनत फुकट चालली आहे. आधी तिला लिहा. खरं लिहा."

"आणि दादा हसला तर?"

"हसू दे. मीही हसेन त्यांच्याबरोबर. मला केव्हापासून मोठ्याने हसायचं आहे, आपल्याकडे भिंती पातळ म्हणून थांबलो होतो."

तर खारूताई, हे असं आहे. मॅडमना दाखव हे पत्र. मला जे बोलायचं ते बोलू दे त्यांना. नवा नमुना हवा असेल तर देते, या वेळी माझा.

तुझी,
आत्या


१० मार्च

प्रिय आत्या,

मी हे पत्र चौथ्यांदा सुरू करते आहे. पहिल्या तीन वेळा नुसतं 'आत्या, आत्या' लिहून पुढे सरकलेच नाही.

घोट तोंडात असताना वाचू नकोस म्हणालीस, मी ऐकलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या मित्राची वही भिजली.

तुझं पत्र घेऊन मी मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम कधी हसत नाहीत, आम्ही आपापसात म्हणतो की त्यांचं हसणं उणे ऐंशी अंशांच्या बर्फाच्या कपाटात ठेवलेलं आहे. त्यांनी वाचलं, खिडकीबाहेर बघितलं, आणि म्हणाल्या, "तुझ्या आत्यांनी आपल्याला दोनदा फसवलं. एकदा नळी बदलून, आणि एकदा एकटीच आहे असं भासवून. त्यातलं दुसरं माफ." आणि मग, आत्या, त्या हसल्या. बाहेरून दोघं बघायला आले काय झालं म्हणून.

तुझ्या लक्षात येतंय का काय झालं ते? मला माहीत नव्हतं. मॅडमना माहीत नव्हतं. इमारतीत कुणाला माहीत नव्हतं. इतक्या एकेकट्या माणसांतून फक्त दोन माणसं एका भांड्यातलं जेवत होती, आणि माझ्या पाटीने नेमकी ती दोनच शोधून काढली. मला जो खोडा वाटत होता तोच सगळ्यात चांगला दाखला निघाला.

मॅडमनी लगेच माझे पाय जमिनीवर आणले. एका जोडीने काही सिद्ध होत नाही. प्रथिनांच्या रेघा जुळल्या म्हणजे वाण एकच असणार असं वाटतं, पण डीएनए तपासून खात्री करायची. शिवाय इमारतीतल्या सगळ्यांचे नमुने नव्याने घ्यायचे, आणि या वेळी तुझा हात नळ्यांना लागता कामा नये. ते काम नर्सबाईंकडे. तू आणि चष्मेवाले, दोघांची परवानगी असेल तरच तुम्हाला 'एकत्र जेवणारे' या गटात घ्यायचं. तिकीट-खिडकीवरच्या बाईंची नळी बाद, पण त्यांना माझा नमस्कार सांग. इतक्या सहज मैत्रिणीसाठी असं काही देणारी माणसं कमी असतात.

समितीने तारीख पुढे ढकलून दिली आहे.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही. ते तुझं काम.

चष्मेवाल्यांना मी काय म्हणायचं? त्यांनाच विचारून सांग. आणि त्यांना म्हणावं, खरं लिहा असं सांगितल्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

तुझी,
खारूताई


२५ एप्रिल

प्रिय आत्या,

झालं.

डीएनए जुळला. नर्सबाईंनी पाठवलेल्या नव्या नळ्यांतही तेच, सगळे वेगळे आणि तुम्ही दोघं एक. त्यांनी प्रत्येक पिशवीवर आपली सही केली होती आणि डब्यात चिठ्ठी होती, 'या वेळी कोचना जिन्यातच रोखून धरलं होतं.'

समितीत पाच जण होते. मी घरांचे नमुने दाखवले, शेजाऱ्यांचे दाखवले, आणि मग चार आणि नऊ. नावं अर्थातच सांगितली नाहीत. एक म्हातारे सदस्य पुढे वाकले, "हे दोघं वेगवेगळ्या खोल्यांत राहतात ना? मग?" मी म्हटलं, "सर, आम्हालाही तेच कोडं पडलं होतं. नंतर कळलं की ते रोज एकत्र जेवतात. आम्हाला हे आधी माहीत नव्हतं, पाटीने आधी सांगितलं."  मग त्या सदस्यांनी शेजारच्या बाईंकडे वळून हळूच म्हटलं, "छान आहे हे." प्रयोगाबद्दल म्हणाले की तुमच्याबद्दल, मला कळलं नाही.

काम माझ्याकडे राहिलं. पुढची दोन वर्षं. शिवाय आणखी इमारती बघायला सांगितल्या आहेत.

बाहेर आल्यावर मॅडमनी माझी पाठ थोपटली आणि जेवायला घेऊन गेल्या. मी आनंदात दोन माणसांचं जेवले.

आता तुझं सांग. बाबा तुझ्याकडे जाऊन आले एवढंच आईकडून कळलं. बाबा स्वतः काही बोलत नाहीत, नुसते गुणगुणत घरात फिरतात. काय झालं तिथे?

तुझी,
खारूताई


४ मे

प्रिय खारूताई,

तुझं पत्र मी जिन्यात मोठ्याने वाचलं. बस चालवणाऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मास्तर म्हणाले, यात माझाही वाटा आहे, मी वेगळा निघालो.

आता दादाचं.

मी त्याला फोनवर एवढंच म्हटलं, "ये, एका माणसाची ओळख करून द्यायची आहे." तो दुसऱ्या दिवशी सकाळी दारात. मी जेवणाचं टेबल तीन जणांसाठी मांडलं होतं, आणि तेच चमचे पुन्हा पुन्हा सरळ करत होते. चष्मेवाले इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या जिन्याने आले. पहिल्यांदाच.

दादाने त्यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. खुर्ची ओढून बसला, स्वतःचा चष्मा काढला आणि त्यांच्यापुढे धरला. म्हणाला, "याच्या काड्या सैल झाल्यात. सारखा नाकावरून घसरतो. बघता का?"

चष्मेवाल्यांनी खिशातून छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला. इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातसुद्धा तो होता. तिथेच सूप निवत ठेवून दोघं डोकं जोडून बसले. कुठल्या दुकानातून घेतला, काच कशी आहे, नाकाला रुतते का. मी उभीच. शेवटी मला ओरडावं लागलं, तेव्हा जेवायला बसले.

दादा हसला नाही. मी वाट बघत होते, पण नाही हसला. जाताना दारात थांबला आणि खाली बघत म्हणाला, "मी ती स्थळं आणायचो ना, तुला कुणी सांभाळावं म्हणून नाही आणली कधी. तुला सांभाळायची कुणाची छाती आहे? जेवताना तुझ्याशी बोलायला कुणीतरी असावं, एवढंच वाटायचं मला." मग माझ्या डोक्यावर टपली मारली, शाळेत असताना मारायचा तशी, आणि जिना उतरून गेला. मी दार लावून तिथेच उभी राहिले थोडा वेळ.

तुझ्या समितीच्या आठवड्यातच आम्ही नोंदणी कार्यालयात जाऊन सह्या केल्या. साक्षीदार नर्सबाई आणि तिकीट-खिडकीवरच्या बाई. तुला बोलावलं नाही म्हणून चिडशील, पण तुझी समिती होती आणि आम्हाला थांबायचं नव्हतं. इतकी वर्षं थांबल्यावर अचानक दोघांनाही घाई झाली. ते आता वर राहायला आले आहेत. सामान म्हणजे दोन खोके आणि एक आरामखुर्ची, तीही माझ्या दारातून आत येईना. बस चालवणाऱ्या बाईंनी जिन्यात उभं राहून 'मागे, मागे, डावीकडे घ्या' करत ती आत आणली.

तू त्यांना काय म्हणायचं ते विचारलंस. म्हणतात, तिला जे सुचेल ते, फक्त 'नऊ नंबर' नको.

आणि परवाची गोष्ट सांगायची राहिली. तलाव दुपारी बंद असतो. मी त्यांना म्हटलं, एवढी वर्षं पोहणारीबरोबर जेवता, एकदा पाण्यात उतरा. ते कधीच उतरले नव्हते. लहानपणी एकदा घाबरले होते, तेव्हापासून नाही. पायऱ्यांवर बसून पाय ओले केले. मग पायरी-पायरीने कमरेपर्यंत आले. चष्मा काढून माझ्या हातात दिला. चष्मा काढला की त्यांना हाताच्या अंतरापलीकडचं काही दिसत नाही, सगळा निळा धूर.

मी तलाव ओलांडून समोरच्या काठाला गेले, रुंदीच्या बाजूने, फार नाही. म्हटलं, आता इकडे या.

"कोच, मला तुम्ही दिसत नाही," ते म्हणाले.

"बघायचं नाहीये. ऐका."

मी बोलायला लागले. काय बोलले आठवतसुद्धा नाही. रात्री काय करायचं जेवायला, दादाचा फोन आला होता, मास्तरांनी कुंडी पाडली, असलं काहीतरी. ते पाण्यावर आडवे झाले. हात चुकीचे, पाय त्याहून चुकीचे, तोंडात पाणी जात होतं, शिंपडत होते सगळीकडे. माझ्या वर्गातलं कुणी असं पोहलं असतं तर मी परत पाठवलं असतं. ते दोनदा थांबले, उभे राहिले, माझा आवाज कुठून येतोय ते मान वळवून बघितलं आणि पुन्हा निघाले. मी बोलत राहिले, बोलत राहिले, आणि शेवटी त्यांचा हात भिंतीऐवजी माझ्या खांद्यावर येऊन पडला.

तुझी,
आत्या